माधवनगरच्या घराचा ताबा

१

नेमिनाथअप्पा चौगुले कायद्याला इतके भिऊन वागायचे की समोरून चिटपाखरू येत नसलं तरी तांबड्या दिव्याला स्कूटर उभी करायचे आणि मागच्यांच्या शिव्या शांतपणे ऐकून घ्यायचे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, विश्रामबागेत मुलाच्या फ्लॅटमधली एक खोली आणि माधवनगरात भाड्यानं दिलेलं एक जुनं बैठं घर, एवढाच त्यांचा पसारा. बायको चंदनबाला जाऊन काही वर्षं झाली होती.

सकाळी अंघोळ करून बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात जायचं हा त्यांचा न चुकणारा नेम. उंबऱ्याशी चपला काढायच्या, हात जोडायचे, ‘निःसही, निःसही, निःसही’ म्हणून आत पाऊल टाकायचं. दर्शन झालं की निघताना ‘आस्सही’ म्हणायचं. लहानपणी आईनं सांगितलं होतं, दुसऱ्याच्या जागेत शिरताना तिथं जो कुणी असेल, दिसो न दिसो, त्याला विचारायचं, की बाबा, जरा टेकू का? आणि निघताना त्याची जागा त्याच्या हवाली करायची. मुनीमहाराज ओसाड घरात मुक्कामाला शिरले तरी हेच म्हणतात. अप्पांच्या तोंडात ते शब्द इतके बसले होते की ते आपण म्हणतो हे आता त्यांच्या ध्यानातही यायचं नाही.

माधवनगरचं घर त्यांनी गिरणी बंद पडल्यावर स्वस्तात घेतलं आणि लगेच भाड्यानं दिलं. स्वतः त्यात एक दिवसही काढला नव्हता. शेवटचे भाडेकरू लालासाहेब आणि त्यांची बायको सुलाबाई. लालासाहेब पाटणकडचे, फौजेतून निवृत्त झालेले हवालदार, इथं एका गोदामावर राखणीला होते. वर्षानुवर्षं त्यांनी भाडं वेळेत दिलं आणि मग एकाएकी बंद केलं. फोन लागेना.

नेमकी त्याच सुमाराला ब्राह्मी, अप्पांची मुलगी, नवऱ्याचं घर सोडून पुण्याहून परत आली. तिला इथं एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम मिळालं, पण राहायचं कुठं? भाऊ धवल भला, वहिनीही वाईट नव्हती, पण फ्लॅट लहान. ब्राह्मीचं अंथरूण हॉलमध्ये पडायचं आणि सकाळी लोकांची ये-जा सुरू व्हायच्या आत तिला ते आवरावं लागायचं. एका सकाळी अप्पांनी तिला गुंडाळलेली गादी कवेत घेऊन हॉलच्या मध्येच उभं राहिलेलं पाहिलं. ती कुठं ठेवावी हे तिला सुचत नव्हतं. माधवनगरचं घर मोकळं करून घ्यायचं आणि पोरीला द्यायचं, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

त्यांची वकील संयोगिता, ओळखीतल्याच घरातली, वयानं ब्राह्मीएवढी. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, “काका, एक लक्षात ठेवा. घर तुमचं असलं तरी आत राहणाऱ्याला तुम्ही हात धरून काढू शकत नाही. कुलूप बदलायचं नाही, पाणी तोडायचं नाही, लाईट बंद करायची नाही. यातलं काहीही केलंत तर तेच तुमच्यावर केस करतील. आधी थकबाकीची लेखी नोटीस. मग नव्वद दिवस थांबायचं. तेवढ्यात त्यांनी पैसे भरले तर विषय संपला. नाही भरले तर दावा. दाव्याचा निकाल लागला की ताबा द्यायला कोर्टाचा माणूस येईल. तोवर तुम्ही त्या दाराला बोटसुद्धा लावायचं नाही.”

“मी कशाला लावतोय?” अप्पा म्हणाले. आणि खरंच, ते संध्याकाळी स्कूटर काढून माधवनगरला जायचे, रस्त्याच्या पलीकडे थांबायचे आणि आपल्याच घराकडे चोरासारखे बघत राहायचे. दाराला बाहेरून कुलूप असायचं. तरी दिवस कलायला लागला की आत कुणीतरी घागर भरल्याचा आवाज यायचा, पाण्याची धार आधी पोकळ वाजायची आणि मग भरत भरत बारीक व्हायची. त्याच्यामागून ताटं मांडल्याचा.

“मागच्या दारानं जात-येत असतील,” संयोगिता म्हणाली. “पुढं कुलूप लावायचं म्हणजे नोटीस घ्यायला नको. भाडेकरूंची ही जुनी युक्ती आहे.”

अप्पांना ते पटलं. फक्त वीजबिल अप्पांच्या नावानं यायचं, आणि त्यात वापर शून्य असायचा. त्यावर, तारेवर आकडा टाकून वीज चोरत असतील, असं संयोगितानं सांगितलं. अप्पांनी तेही पटवून घेतलं. मात्र घरावरून जाणाऱ्या तारा त्यांनी दोनदा निरखून पाहिल्या होत्या. त्यांच्यावर एक कावळा सोडून काही नव्हतं.

२

नोटीस ‘घर बंद’ असा शेरा घेऊन परत आली. मुदत सरली, दावा लागला. समन्स घेऊन कोर्टाचे बेलिफ भाऊसो माधवनगरला गेले आणि परत येताना मुद्दाम वाट वाकडी करून अडतीवर आले. भाऊसो गडी पोक्त, तोंडात तंबाखू, आणि आयुष्यभर लोकांची दारं वाजवून वाजवून त्यांच्या आवाजातच एक ठोठावल्याचा सूर आलेला.

“शेठ, बाई हाय की आत,” ते म्हणाले.

“दार उघडलं?”

“कुटलं उघडतीय. कुलूप बघून मी परत फिरणार हुतो, तर आतनं भांडं वाजलं. मग म्या हाक मारली, लालासायेब हायत का घरात? कोर्टाचं समन्स हाय. तर बाई आतनंच बोलली.”

“काय बोलली?”

भाऊसोंनी तंबाखू या गालातून त्या गालात घेतली. “म्हनली, विचारल्याशिवाय आत येऊ नका. म्या म्हनलं, मावशी, आत येत न्हाई, कागद घ्या. त्यावर काय बोललीच न्हाई. मग दोन पंच बोलावले आनि दाराला चिकटवून आलो. कायद्यानं बजावनी झाली.”

अप्पांना हायसं वाटायला हवं होतं. पण ते उगाचच तराजूच्या पारड्यातली हळकुंडं इकडची तिकडं करत बसले. “भाऊसो, सुलाबाई पाटणच्या डोंगरातल्या. त्यांचा आवाज घोगरा, आणि बोलणं तुमच्यासारखं.”

“ही तशी न्हवती,” भाऊसो म्हणाले. “ही लय हळू आनि लय शुद्ध बोलत हुती. तुमच्या घरातल्या बायकांसारकी. पाव्हनी असंल कोन तरी.”

असेल पाहुणी. अप्पा स्वतःला दिवसभर तेच सांगत होते. संध्याकाळी धवलच्या फ्लॅटमध्ये सूर्यास्ताच्या आत जेवायला बसले, तेव्हा सुनेनं ताट मांडलं आणि त्या साध्या आवाजानं त्यांचा घास हातातच राहिला.

तारखा पडत गेल्या. प्रतिवादी हजर झालाच नाही, आणि दाव्याचा एकतर्फी निकाल अप्पांच्या बाजूनं लागला. त्या सगळ्या काळात ब्राह्मी रोज गादी गुंडाळत होती. अप्पांना रात्री झोप लागेना. ते खोलीत येरझाऱ्या घालायचे आणि हॉलमध्ये ती जागीच आहे हे त्यांना तिच्या कूस बदलण्यावरून कळायचं.

३

ताब्याच्या दिवशी भर दुपारी सगळे जमले. वॉरंट घेऊन भाऊसो, एक पोलीस हवालदार, दोन पंच, किल्लीवाला, संयोगिता आणि नवीन कुलूप खिशात घालून अप्पा. भाऊसोंनी लालासाहेबांच्या नावानं तीनदा हाक दिली. उत्तर आलं नाही. किल्लीवाल्यानं कुलूप तोडलं, तेव्हा त्यातून गंजाचा भुगा खाली सांडला.

“मालक, व्हा पुढं,” भाऊसो म्हणाले.

अप्पा पुढं झाले. उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या, कुणी सांगितलं नव्हतं तरी. हात आपसूक जोडले गेले आणि तोंडातून सवयीनं शब्द गेले, “निःसही, निःसही, निःसही.”

म्हणून झाल्यावर ते ओशाळले. स्वतःच्या घरात, कोर्टाचा हुकूम घेऊन शिरताना आपण कुणाकडं परवानगी मागतोय? संयोगिता गालात हसली. त्याच वेळी आतून, स्वयंपाकघराच्या बाजूनं, लाकडी पाट फरशीवरून सरकवल्याचा आवाज आला. पंगतीत उशिरा आलेल्यासाठी लोक सरकून जागा करतात, तसा.

“उंदीर,” हवालदार म्हणाला.

आत कुणीच नव्हतं. पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, सगळीकडे धूळ बसली होती, इतकी की त्यांची पावलं तिच्यात उमटत गेली. त्यांच्या आधीचं एकही पाऊल तिथं नव्हतं. मागच्या दाराला आतून लाकडी दांड्याचा आडणा घातलेला होता आणि त्यावर कोळ्यांची जाळी. संयोगिता तो आडणा बराच वेळ बघत राहिली. मग मोबाईलवर काहीतरी पाहू लागली.

मधल्या खोलीत एक काळी फौजी ट्रंक होती. तिच्यावर पांढऱ्या रंगानं लालासाहेबांचं नाव, हुद्दा आणि पाटणजवळच्या गावाचं नाव लिहिलेलं होतं. भाऊसोंनी ती पंचनाम्यात नोंदवून अप्पांच्या स्वाधीन केली. “भाडेकरूचा माल. जपून ठिवा आनि ज्याचा त्याला द्या.”

स्वयंपाकघरातल्या नळाला पाणी गाळायचं फडकं बांधलं होतं. पांढरं, दुपदरी, अप्पांच्या आईनं बांधलं असतं तसं. अप्पांनी ते दोन बोटांत धरलं. फडकं ओलं होतं.

नळ गळत असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. त्यांनी नळाखाली तळवा धरला आणि वाट पाहिली. थेंब पडला नाही.

तेवढ्यात बाहेरून संयोगितानं हाक मारली, सह्या करायच्या होत्या. अप्पा लगबगीनं बाहेर आले, सह्या केल्या, नवीन कुलूप लावलं, ब्राह्मीला फोन केला आणि तिचा रडवेला, आनंदी आवाज ऐकून त्यांचेही डोळे भरले. बाहेर पडताना ते काहीच म्हणाले नव्हते. ते काही बस्तीतून निघाले नव्हते.

४

रंग दिला, वायरिंग नवीन केलं, आणि ब्राह्मी राहायला गेली. पहिल्या दिवशी तिनं मधल्या खोलीत गादी अंथरली आणि दिवसभर तशीच अंथरलेली ठेवली. “आवरायची नाही म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि हसली. कितीतरी महिन्यांनी अप्पांनी तिला हसताना पाहिलं. आपण जे केलं ते कायद्यानं केलं, नीट केलं, असं त्यांना वाटलं.

पुण्याला गेल्यापासून ब्राह्मीनं रात्री न जेवण्याचा नेम सोडला होता. इथं ती सूर्यास्ताच्या आत जेवू लागली. लॅबमधून धावतपळत यायची आणि दिवस असेतो जेवण उरकायची. अप्पांना आनंद झाला. मग एकदा ते संध्याकाळी गेले, तर ओट्यावर विसळलेली ताटं उपडी घातली होती. एक नव्हतं, रांगच होती.

“कोण आलं होतं?”

“कोणी नाही,” ब्राह्मी म्हणाली. “घासून ठेवली उगाच.”

आणखी एक गोष्ट होती. अप्पा दार वाजवायचे, ती दार उघडायची आणि म्हणायची, “अप्पा, एक मिनिट थांबा.” मग आत वळून बघायची. जरा वेळानं, “हं, या आता.” घर आवरायचं असेल, असं अप्पा पहिल्यांदा म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी तिच्या नजरेच्या मागोमाग पाहिलं. ती रिकाम्या मधल्या खोलीकडे बघत होती, आणि तिनं मान हलवली, जशी आपण कुणीतरी ‘येऊ दे’ म्हटल्यावर हलवतो.

तिचं बोलणंही बदललं होतं. हळू, स्वच्छ, प्रत्येक शब्द ठेवून दिल्यासारखं. सांगलीची पोर, तिचा आवाज कायम वरच्या पट्टीत. फोनवर ती असं बोलू लागली की अप्पांना भाऊसोंचं वाक्य आठवायचं आणि ते फोन या कानाचा त्या कानाला लावायचे.

मग वीजबिल आलं. नवीन वायरिंग होतं, फ्रिज होता, पंखे होते. वापर शून्य.

“मीटर बिघडलंय,” धवल म्हणाला. “तक्रार टाकतो.”

अप्पा त्या रात्री अंथरुणावर बसून राहिले. हॉल आता मोकळा होता. कूस बदलल्याचा आवाज यायचा नाही, आणि त्यांना त्याचीच सवय झाली होती.

५

लालासाहेबांची ट्रंक अजून अडतीवर पडून होती. ज्याचा माल त्याला द्यायचा, हे अप्पांच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना लालासाहेबांना विचारायचं होतं. काय विचारायचं ते मात्र ठरत नव्हतं. एका रविवारी त्यांनी अडतीच्या जुन्या व्हॅनमध्ये ट्रंक घातली, कराड मागं टाकून पाटण गाठलं आणि विचारत विचारत गावात गेले.

लालासाहेब अंगणात खाटेवर बसले होते. अप्पांना बघून फौजी माणूस ताडकन उभा राहिला आणि मग त्याची मान खाली गेली.

“आप्पा, तुमी? ट्रंक कशाला आनली? ती म्या सोडून दिली हुती.”

“लालासाहेब, तुम्ही घर कधी सोडलंत?”

“कवा म्हंजी? भाडं बंद केलं तवाच सोडलं की. ऱ्हातच न्हाई तर भाडं कशाचं द्यायचं?”

“मग मला सांगितलं का नाही? मी कोर्टात गेलो. बेलिफला आत बाई बोलली.”

लालासाहेबांनी घराकडं बघितलं. दारात सुलाबाई येऊन उभ्या होत्या. पदरानं हात पुसत होत्या आणि ते कोरडे झाले तरी पुसतच होत्या.

“काय सांगनार हुतो?” लालासाहेब म्हणाले. “बॉर्डरवर दिवस काढलेला मानूस मी. भ्यालो म्हनून रातीत घर सोडलं, हे कुनाला सांगू? फोन बी बंद करून टाकला.”

“कशाला भ्यालात?”

“भ्यायासारकं त्या घरातल्या बाईंनी काय बी केलं न्हाई,” सुलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज घोगराच होता. “लय मायाळू हायती. तुमास्नी जागा देत्यात, पाट मांडत्यात. पयल्या दिवशी म्याच म्हनले हुते, रिकाम्या घरात शिरताना म्हनत्यात तसं, की बाई, आमी ऱ्हातो हं हितं. तवाधरनं जेवायला बसलं की आमी दोगंच न्हवतो. हळूहळू मला त्यांच्यासारकं बोलाया यायला लागलं, आप्पा. ह्यांनी आयकलं आनि ह्यांचं तोंड पांढरं झालं.”

“मग सुटलात कशा?”

“निगताना उंबऱ्याभाईर आल्यावर म्या म्हनले, बाई, तुमचं घर तुमाला. घ्या. तसं म्हनल्याबिगर त्या सोडत न्हाईत. आमी दोगं बी भाईर आलो आनि मगच म्हनले.”

अप्पा अंगणात उतरवून ठेवलेल्या ट्रंकेवर बसले. उन्हात तापलेला पत्रा धोतरातून भाजत होता, पण त्यांना उठायचं सुचलं नाही. तीनदा म्हटलेला शब्द त्यांना आठवला, आणि न म्हटलेलाही.

“तितं कोन हाय आता?” सुलाबाईंनी विचारलं.

“माझी मुलगी,” अप्पा म्हणाले.

सुलाबाईंचे हात थांबले. “मग बसलाय का? जावा की.”

६

परतताना अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा तांबड्या दिव्यांना न थांबता गाडी पुढं काढली. ब्राह्मीला फोन लावत होते. ती उचलायची, हळू आवाजात “जेवायला बसतोय, अप्पा” म्हणायची आणि ठेवायची. आम्ही बसतोय. मी बसतेय नाही. ते दर वेळी नीट ऐकायचा प्रयत्न करायचे आणि दर वेळी तेच ऐकू यायचं.

माधवनगरला पोचले तेव्हा ऊन गच्चीच्या कठड्यावर तेवढं उरलं होतं. घराचं दार अर्धवट उघडं होतं. अप्पा पायरीवर थांबले. तिथून सरळ आत, मधल्या खोलीच्या पलीकडे स्वयंपाकघराचा एक तुकडा दिसायचा. दिवा लावलेला नव्हता.

ब्राह्मी पाठमोरी पाटावर बसली होती. तिच्यापुढं ताट होतं. तिच्या शेजारी आणखी एक ताट होतं आणि त्याच्या कडेला, दाराच्या चौकटीनं अर्धं कापलेलं, कुणाचं तरी गुडघा मोडून बसल्यावर पसरतं तसं लुगडं. पांढरं, ओलं. त्याच्या काठातून फरशीवर पाणी झिरपत होतं. लुगडं हललं. आतला गुडघा जरा सरकला, दारातून येणाऱ्याला जागा करायला सरकतात तसा.

“ब्राह्मी,” अप्पा म्हणाले, “बाहेर ये.”

“अप्पा, आत या ना,” ती मागं न वळता म्हणाली. “तुमच्यासाठी पाट मांडलाय. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतंत, त्या म्हणतात. मग आलातच नाही.”

“बाळ, ऊठ. असशील तशी ये. गादी-बिदी काही घेऊ नको. आपल्या घरी जाऊ.”

“हॉलमध्ये?” ब्राह्मीनं विचारलं. रागानं नाही. अगदी हळू, शुद्ध.

आत जावं, तिचा हात धरावा आणि ओढून आणावं असं अप्पांच्या मनात येत होतं आणि पाय उचलत नव्हते. ऊन कठड्यावरून गेलं. आत ताटावरचा हात थांबला, ब्राह्मीचा नव्हे. त्या शेजारच्या बाईची मान वळू लागली. तिचं तोंड चौकटीच्या आत येणार हे अप्पांना कळलं आणि ते जिवाच्या आकांतानं ओरडले, जे ओरडायला आले होते तेच:

“आस्सही, आस्सही, आस्सही. तुमची जागा तुम्हाला. घ्या.”

सगळं थांबलं. मग दार सावकाश लोटलं गेलं आणि आतून कडी बसली.

उंबऱ्याभाईर आल्यावर, असं सुलाबाई म्हणाल्या होत्या. दोघं बाहेर आल्यावर. अप्पांनी घर परत दिलं होतं, त्यातल्या सगळ्यासकट.

७

पोलीस आले. हवालदारानं दार वाजवलं, आत कोण आहे विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. बाई सज्ञान, आवाज शांत, तक्रार नाही, स्वखुशीनं राहते. धवल दार फोडायला निघाला, तर हवालदारानंच त्याला अडवलं. लॅबवाल्यांनी तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. दार काही उघडलं नाही.

“काका,” संयोगिता म्हणाली, आणि ती आता हसत नव्हती, “बळजबरीनं तिला कुणालाच काढता येणार नाही. ती आत आहे, तिला राहायचंय. कायद्याचा रस्ता तोच. नोटीस, मुदत, दावा.” ती पेन घेऊन थांबली. “प्रतिवादी म्हणून तिचंच नाव घालावं लागेल. आणखी कोणी राहतं का तिच्याबरोबर?”

अप्पांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे संयोगितानं विचारलं नाही.

मुदत सरल्यावर समन्स घेऊन भाऊसोच गेले. या वेळी ते अडतीत बसले नाहीत, दारातच उभे राहिले. तोंडात तंबाखू नव्हती.

“घेत न्हाई म्हनली,” ते म्हणाले.

“कोण? ब्राह्मी?”

“दोगी बी एकदमच बोलल्या, शेठ. मला आवाज येगळा काडता आला न्हाई.” ते जायला वळले आणि थांबले. “तुमाला निरोप दिलाय. अप्पांनी कोर्ट कशाला केलं म्हनं. नुसतं विचारून आत यायचं.”

तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. अप्पा रोज संध्याकाळी माधवनगरला जायचे, पण आता रस्त्याच्या पलीकडे थांबायचे नाहीत. पायरीवर बसायचे. आत घागर भरायची, ताटं मांडली जायची. कधी कधी ब्राह्मी हसायची. सूर बदललेला असला तरी हसू तिचंच होतं, गादी अंथरलेली ठेवली त्या दिवशीचं. ते ऐकायला अप्पा जायचे, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी धवलला अडतीच्या किल्ल्या दिल्या. संयोगिताला फोन करून दावा काढून घ्यायला सांगितलं. ती कारण विचारत होती, त्यांनी नुसतं “पोरीवर दावा लावायचा नाही” एवढंच सांगितलं. मग स्कूटर काढली, वाटेतल्या तांबड्या दिव्याला नीट थांबले, आणि सूर्य असतानाच माधवनगरला पोचले.

पायरीशी त्यांनी चपला काढल्या. एकाशेजारी एक, सरळ लावून ठेवल्या. हात जोडले आणि बंद दारापुढं, पहिल्यांदाच एकेक शब्द समजून म्हणाले, “निःसही. निःसही. निःसही.”

आतली कडी निघाली. स्वयंपाकघराच्या बाजूनं पाट सरकवल्याचा आवाज आला.